नऊ आणि एकेचाळीस

मेल सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आली, आणि ती इतकी नम्र होती की वाचणाऱ्या बाईला पहिली शंका आली ती त्या नम्रतेचीच. कुठल्याशा लांबच्या संस्थेत पीएचडी करणाऱ्या एका मुलीनं लिहिलं होतं, की मॅडम, तुमचा बारा वर्षांपूर्वीचा पेपर मी अभ्यासतेय, तुम्ही सगळ्यांसाठी खुली ठेवलेली साठ माणसांच्या मेंदूंची चित्रं मी उतरवून घेतली, फार उपयोग झाला, आभार. फक्त एकच. नऊ नंबरचा माणूस आणि एकेचाळीस नंबरचा माणूस हे दोघं एकच आहेत असं माझा कॉम्प्युटर म्हणतोय. कदाचित माझंच काही चुकत असेल. 'कदाचित माझंच काही चुकत असेल' हे वाक्य या बाईनं स्वतः आजवर दोनेकशे वेळा लोकांना लिहून पाठवलं होतं, आणि त्यातल्या एकाही वेळी तिला तसं वाटलेलं नव्हतं. त्यामुळे ती खुर्चीत जरा सावरून बसली. बारा वाजता कमिटीपुढे जायचं होतं. प्रोफेसरकीसाठी तिसरा आणि बहुतेक शेवटचा अर्ज. टेबलावर तिच्या त्रेचाळीस पेपरांची यादी सहा प्रतींत टाचून ठेवली होती, आणि त्यात अकरा नंबरचा पेपर ठळक अक्षरात होता, कारण जगात तिला कोणी ओळखत असलं तर त्या अकरा नंबरमुळे. बाकीचे बेचाळीस म्हणजे वरातीत मागून चालणारी माणसं. आणि ही पोरगी विचारत होती त्या अकरा नंबरबद्दलच.

तिनं दोन्ही मेंदू उघडून शेजारी शेजारी लावले. बाहेरच्या माणसाला सगळे मेंदू अक्रोडासारखे एकसारखे दिसतात, पण वीस वर्षं हेच बघत बसलेल्या बाईला ते चेहऱ्यासारखे वेगळे दिसतात, एखाद्याचं कपाळ मोठं, एखाद्याची वळी उथळ, एखादा डावीकडे जरा कललेला. नऊ नंबरच्या उजव्या कानामागे एक घडी होती, सगळ्यांना एकच असते ती इथे दुहेरी पडलेली, घाईत इस्त्री केलेल्या बाहीवर पडते तशी. एकेचाळीसलाही तीच. तिचा हात आपोआप स्वतःच्या उजव्या कानामागे गेला. तिथे केस होते, खाली हाड होतं, आणि त्याच्या खाली ती घडी होती. बरं, ही ओळख नवी नव्हती. शिकत असताना पहिल्यांदा एमआरआयच्या मशीनमध्ये शिरली तेव्हा ही घडी बघून तिची पाचावर धारण बसली होती, हा काही रोग तर नाही ना म्हणून ती आठवडाभर जेवली नव्हती, आणि शेवटी एका डॉक्टरनं हसून सांगितलं होतं, अहो काही नाही, देवाला कापड जास्त झालं. तर नऊ नंबर म्हणजे ती. एकेचाळीस म्हणजेही ती. साठ माणसांच्या पेपरात एकोणसाठच माणसं होती, आणि त्यात जी दोनदा मोजली गेली ती स्वतः पेपर लिहिणारीच.

कसं झालं ते तिला लगेच आठवलं, आणि लगेच आठवलं म्हणूनच तिचा त्यावर विश्वास बसेना. नऊ नंबरचा माणूस मशीनच्या बोगद्यात डोकं घालताच घाबरून पळाला होता, मशीनची वेळ फुकट जाऊ नये म्हणून 'कानातले हेडफोन तपासते जरा' असं म्हणत ती आत शिरली. चार महिन्यांनी एकेचाळीस नंबरवाली आलीच नाही, तेव्हा पुन्हा. फॉर्मवर नुसता नंबर टाकायचा, नाव टाकायचं नाही, असा नियम तिनंच केला होता, लोकांची खासगी माहिती जपायला. आणि नंतर त्या दोन्ही फाइली तिनं काढून टाकल्या होत्या. काढल्याच होत्या! कुठल्या खुर्चीत बसून काढल्या, तेव्हा खिडकीत कबुतर कसं बसलं होतं, सगळं डोळ्यांपुढे होतं. कबुतर खरं असावं. फाइली काढलेल्या नव्हत्या. माणसाची आठवण या विषयावर जन्म घालवलेल्या बाईला तिच्याच आठवणीनं असं भर दिवसा गंडवावं, यात कुणालाही गंमत वाटली असती, आणि तिलाही वाटली.

मग तिनं जे येत होतं ते केलं. दोन्ही नंबर बाहेर काढले, उरलेल्या अठ्ठावन्न माणसांवर सगळं गणित पुन्हा चालवलं. पेपर सांगायचा तो असा: माणसाला मशीनमध्ये आडवं करायचं, डोळे मिटायला सांगायचं, हेडफोनमधून बारा मिनिटांत चाळीस शब्द ऐकवायचे, ऐकताना मेंदूची चित्रं काढायची. बाहेर आल्यावर आठवतील तितके शब्द त्यानं सांगायचे. निम्मे पक्क्या आठवणीचे, निम्मे कच्च्या. आणि कच्च्यांच्या मेंदूत पुढचा भाग आणि मागचा भाग एकमेकांशी धड बोलत नाहीत, भांडण झालेल्या जावांसारखे. हे असं नुसत्या योगायोगानं दिसण्याची शक्यता शंभरात तीन, असं पेपरात छापलं होतं. पाचाच्या आत असलं की या धंद्यात माणूस सुटला. आता कॉम्प्युटरनं आकडा दिला, शंभरात चार. सुटली. तिनं मोठ्ठा श्वास सोडला आणि मासिकाच्या संपादकाला चार ओळींची दुरुस्ती लिहायला घेतली, एक व्यक्ती नजरचुकीनं दोनदा आली होती, ती वगळूनही निष्कर्ष कायम राहतो, लक्षात आणून देणाऱ्या विद्यार्थिनीचे आभार. इतकं सोज्वळ पत्र, की कमिटीपुढे उलट कौतुकच झालं असतं. पाठवायच्या बटणावर बोट नेलं आणि सहज, अगदी सहज, तिनं नऊ आणि एकेचाळीसचे मार्क बघितले; दोन्ही वेळी बाहेर आल्यावर तिनंही नियमाप्रमाणे शब्द सांगितले होते. नऊ नंबर, चाळीसपैकी एकतीस शब्द. एकेचाळीस नंबर, चाळीसपैकी नऊ. म्हणजे ती पक्क्यांतही होती आणि कच्च्यांतही. तोच मेंदू, तीच घडी, आणि चार महिन्यांत पुढच्या-मागच्याचं बोलणं बंद.

तो एकेचाळीसचा दिवस कसला होता? फाइलीवर तारीख ऑगस्टची होती. तिला लगेच वडील आठवले. वडील शिंपी होते. मशीनमध्ये आडवं पडलं की तो खडखडाट, आधी सुटा सुटा, मग एका दमात, तिला नेहमी त्यांच्या पायमशीनसारखा वाटायचा, आणि लहानपणी ती त्याच आवाजाखाली कापडांच्या चिंध्यांत बसून अभ्यास करायची. त्यांच्या आजारपणातच ती तेव्हा मशीनमध्ये शिरली असणार, डोक्यात दवाखाना, कानात शब्द, कुठले राहणार? नऊच राहणार. विचार केला तसं सगळं जुळायलाच लागलं, दवाखान्याच्या जिन्याचा फिनेलचा वास, वडिलांच्या बोटाला शेवटपर्यंत राहिलेला, शिवताना घालायच्या अंगुस्तानाचा पांढरा वळ, आणि ती हिरव्या गाऊनमध्ये बोगद्याच्या छताकडे बघत. डोळ्यांत पाणी आलं. इतकं देखणं दुःख सापडल्यावर माणसाला ते सोडवत नाही. पण सवयीनं तिनं नवऱ्याला फोन लावला. नवरा दातांचा डॉक्टर, त्यामुळे फोन उचलून तो आधी समोरच्याला 'चूळ भरा' म्हणाला.

"बाबा आजारी पडले ते साल कोणतं?"

"कमिटी आहे ना तुझी आज? आणि हे काय विचारतेस?"

"सांग रे."

"आपण घर बदललं त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे तुझ्या त्या गाजलेल्या पेपराच्या नंतर. पेपराचं कात्रण उशाशी ठेवून होते की ते दवाखान्यात, नर्सला वाचून दाखवायला सांगायचे. नर्सला कुठे वाचता येतंय ते! काय झालं?"

"मग पेपराच्या आधीच्या वर्षी, ऑगस्टमध्ये, मला काही झालं होतं? काही मोठं?"

"तुला? काही नाही. वजन वाढलं होतं जरा."

तिनं फोन ठेवला. दुःख हातातून निसटलं, त्याचा राग आला, आणि रागाच्या भरातच ती तळघरात उतरली. तळघरात मशीन होतं, आणि मशीनबरोबर मामा. मामा म्हणजे मशीन चालवणारा तंत्रज्ञ. संस्थेतली तीन पिढ्यांची पोरं त्याला मामा म्हणत, डायरेक्टरही म्हणायचा. हाताशी काचेची खिडकी, कानाशी माइक, आणि वीस वर्षांत त्यानं जितक्या मेंदूंना हात न लावता बघितलं होतं तितके कुणी बघितले नसतील. तो स्क्रू घट्ट करत होता.

"मामा, बारा वर्षांमागचं आठवतं का तुम्हाला? मी स्वतः शिरले होते मशीनमध्ये. एकदा नाही, दोनदा."

"न आठवायला काय झालं! दुसऱ्या वेळी तुम्ही घोरत होतात."

"मी?"

"मग काय मी? मधे मशीन थांबतं ना अर्धं मिनिट, तेव्हा माइकमधून ऐकू येतं. म्हटलं, मॅडमचा काय सूर लागलाय. माझी बायको घोरते तो वेगळा, तिचा खालचा. तुमचा वरचा."

"तुम्ही सांगितलं नाहीत मला?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही बाहेर आलात की एकच विचारायचात, मामा, हलले का? कुणीही बाहेर आलं की तेच. हलला का, हलली का, चित्र खराब झालं का. मी म्हणायचो, नाही. झोपलेला माणूस काय छान पडून राहतो, मॅडम! ओंडक्यासारखा. तुमची ती दुपारची सगळी चित्रं कशी आली होती? आरशासारखी."

"सगळी म्हणजे?"

मामानं स्क्रू सोडला आणि तिच्याकडे पाहिलं. आपण काय बोललो ते त्याला कळलं नव्हतं, पण तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते कळलं. तो हळू म्हणाला, "अहो, जेवणानंतरच्या पाळीत निम्मे झोपायचेच. गार खोली, अंगावर पांघरूण, डोळे मिटा म्हणून तुमचाच हुकूम. राजा असता तरी झोपला असता."

ती तिथल्या चाकाच्या स्टुलावर बसली, आणि स्टूल तिला घेऊन थोडं मागे गेलं. अकरा नंबरच्या पेपरातलं एक वाक्य तिला तोंडपाठ होतं, ते तिनं मोठ्या अभिमानानं घातलं होतं: दुसऱ्या, म्हणजे कच्च्या आठवणीच्या गटाची चित्रं पहिल्या गटापेक्षा अधिक स्थिर आहेत, त्यामुळे हलण्यामुळे फरक दिसला असा आक्षेप घेता येणार नाही. कुणी घेतलाही नाही. बारा वर्षं हजारेक लोकांनी तो पेपर वाचला, त्याच्यावर आपापले पेपर चढवले, तिनं स्वतः चढवले, चौदा नंबर, एकोणीस, तेवीस, आणि कुणाच्या मनात आलं नाही की इतका स्थिर माणूस एकतर मेलेला असतो नाहीतर झोपलेला. कच्च्या आठवणीचे लोक! बिचारे विसरले नव्हतेच. जे ऐकलंच नाही ते विसरणार कसं? पुढचा मेंदू मागच्याशी बोलत नव्हता कारण घरातले दिवे मालवून सगळे झोपले होते. आणि हे सगळं तिला नवं होतं असंही नाही, हे जास्त झोंबलं. दुपारी एक-दोघं डोळे चोळत बाहेर येताना तिनं पाहिले होते. पाहिलं, आणि विचारलं, हललात का?

"रजिस्टर आहे त्या वर्षाचं?"

"मशीनची सगळी रजिस्टरं आहेत. का?"

"कोण किती वाजता आलं ते हवंय."

मामा कपाटावर चढला. रजिस्टर निळ्या पुठ्ठ्याचं होतं, आणि त्यात नंबर, तारीख, वेळ, मामाची सही, एवढंच, वळणदार अक्षरात. ती एकेक नंबर घेऊन कागदावर रेघा ओढत गेली, सकाळ एका बाजूला, जेवणानंतरचे दुसऱ्या बाजूला. मनात एक भाबडी बाई अजून म्हणत होती, निम्मे निम्मे निघतील, बघ, निम्मे निम्मेच निघतील. पक्क्या एकोणतिसांत जेवणानंतरचे आठ. कच्च्या एकोणतिसांत बावीस. वर जाऊन तिनं गणितात फक्त वेळ घातली, सकाळ की दुपार, बाकी काहीही बदललं नाही, आणि कॉम्प्युटरनं शंभरात चार होते ते शंभरात चाळीस करून दिले. म्हणजे नाणं उडवून बघितल्यासारखंच. अकरा वाजले होते. आता तिच्यापुढे दोन पत्रं होती. एक लिहिलेलं, चार ओळींचं, आणि त्यातली एकही ओळ खोटी नव्हती. दुसरं न लिहिलेलं. पहिलं पाठवलं असतं तर ती दूरची पोरगी खूश, संपादक खूश, कमिटी खूश. कारण रजिस्टर तळघरात होतं आणि ते मागायला कुणी येणार नव्हतं.

तरी तिनं, ज्यांच्या हाताखाली ती शिकली, त्या सरांना फोन केला. अकरा नंबरवर त्यांचंही नाव होतं, सांगायला हवंच होतं. सर निवृत्त होऊन आता बागेत गुलाबांना कलमं करत बसायचे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू ना, खाजवून खरूज काढतेस."

"सर, बावीस आणि आठ."

"ऐकलं मी. पण ते झोपले होते हे कशावरून? घड्याळावरून? घड्याळ काय मेंदू बघतं? एकाचं नाव दोनदा आलं, दुरुस्त कर, मोकळी हो. आज तुझी कमिटी आहे बाळ. प्रोफेसर हो आणि मग सावकाश पुढच्या वर्षी काय ते कर. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पुढच्या वर्षी मला कबुतर आठवेल, सर."

"काय आठवेल?"

"मी हे सगळं करून टाकलंय असं आठवेल."

कात्रीचा आवाज येत राहिला. मग सर म्हणाले, "माझं नाव घालायचं तर घाल पत्रात. पण मला झोपेतून उठवून सांगू नकोस." आणि स्वतःच खो खो हसले, हसता हसता खोकले, आणि फोन ठेवला. वीस वर्षांत त्यांनी तिला दिलेली ही सगळ्यात सरळ परवानगी होती.

तिनं चार ओळी पुसल्या. नवं पत्र लिहायला वीस मिनिटं लागली आणि त्यात एकही गोड शब्द राहू दिला नाही: पेपर आम्ही मागे घेत आहोत, कारण हे, आकडे हे, वेळांची यादी सोबत. त्याच्यावरचे आमचे तीन पेपरही तपासतोय, तोवर कुणी त्यांचा आधार घेऊ नये. पाठवलं. त्या मुलीला उत्तर पाठवलं, की तुझं काही चुकत नाही, उलट तू अर्धंच पकडलंस, उरलेलं अर्धं सोबत जोडलंय. मग सहाही प्रती समोर घेऊन, पट्टी लावून, अकरा, चौदा, एकोणीस, तेवीस यांच्यावर पेनानं रेघ मारली. चोवीस रेघा. पहिल्या प्रतीत रेघ वाकडी आली. सहाव्या प्रतीत रेघ अशी सरळ आली की वडिलांनी खडूनं मारली असती तर तशी आली असती, आणि का कोण जाणे तिला भूक लागली.

कमिटीत पाच जण होते आणि पाच पाण्याच्या बाटल्या. अध्यक्ष दगडांचा प्राध्यापक होता, भूगर्भाचा. दगड झोपतात की जागे असतात या भानगडीत त्याला कधी पडावं लागलं नव्हतं. त्यानं यादी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली.

"मॅडम, हे छापताना काही झालंय का?"

"नाही. रेघा मी मारल्यात. आज सकाळी."

"पण अकरा नंबर म्हणजे तर तुमचा..."

"तोच."

तिनं सांगितलं. झोप, घोरणं, बावीस आणि आठ. घोरण्याला एक जण फिसकन हसला आणि लगेच पाणी प्यायला. कोपऱ्यात आकडेशास्त्राचा एक म्हातारा बसला होता, डोळे मिटून, सगळ्यांना वाटत होतं तोही झोपलाय. तो डोळे न उघडता म्हणाला, "ते झोपले होते याचा पुरावा काय?"

"नाही."

"नाही?"

"नाही. पण ते जागे होते याचाही नाही. आणि मी बारा वर्षांपूर्वी लिहिलं ते जागे समजून."

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं, आणि काय लिहिलं ते दिसावं म्हणून तिनं मान लांब केली तर त्यानं तळहात आडवा धरला, परीक्षेतल्या पोरासारखा. अध्यक्ष कनवाळू आवाजात म्हणाला, "मग यावेळी अर्ज मागे घेताय असं लिहूया का? म्हणजे तुमच्याच दृष्टीनं बरं. नकार तर लागणार नाही रेकॉर्डवर."

"अर्ज मागे घेतला नाही. पेपर मागे घेतलाय. एकोणचाळीस आहेत, त्यांच्यावर काय ते ठरवा."

"एकोणचाळिसांत तो अकरा नसला तर..." अध्यक्षानं हात पसरले. "कळवू."

'कळवू' म्हणजे काय ते शाळेपासून सगळ्यांना कळतं. ती उठली, खुर्ची आत सरकवली. बाहेर व्हरांड्यात उभी राहिली तेव्हा पोटात एक मोठा खड्डा पडला होता, प्रोफेसर या शब्दाच्या आकाराचा, आणि तो काही लगेच बुजणार नव्हता, हे तिनं मान्य करून टाकलं. रडायचं तर आत्ता, असं स्वतःला सांगून पाहिलं. वेळ नव्हता. दुपारच्या पाळीत दोन वाजल्यापासून पाऊण तास मशीन मोकळं आहे असं मामा सकाळी म्हणाला होता.

पण शास्त्र ते शास्त्र. तिनं आधी उपाहारगृहात जाऊन बारा वर्षांपूर्वीच्या बेतानं पोटभर जेवून घेतलं, वर भाताची आणखी एक वाटी, वाढणारा म्हणाला, "काय मॅडम, पास झालात वाटतं?" ती म्हणाली, "नापास. वाढा." सुस्ती यावी म्हणून ताकही प्यायली. मग तळघरात जाऊन हिरवा गाऊन चढवला, घड्याळ, कानातलं, केसांच्या पिना काढून ट्रेमध्ये ठेवल्या, आणि मामाला सांगितलं, जसं तेव्हा केलं तसंच सगळं करायचं, पांघरूण तेच, गारवा तोच, शब्द नवे. फक्त यावेळी बोटांत एक बटण राहील, दर मिनिटाला टुक वाजेल, जागी असेन तर दाबेन. नाही दाबलं तर झोपले. दोन्ही लिहून ठेवायचं. उद्यापासून येणाऱ्या प्रत्येकाचं असंच, सकाळच्याही आणि दुपारच्याही. साठच्या साठ पुन्हा.

"साठ?" मामा म्हणाला. "मी दोन वर्षांत निवृत्त होतोय, मॅडम."

"मग दोन वर्षांत करू."

फळी सरकत आत गेली. खडखडाट सुरू झाला, आधी सुटा, मग एका दमात. कानात शब्द यायला लागले. किल्ली. पायरी. तिनं डोळे मिटले आणि झोपायचा प्रयत्न केला, मनापासून, कष्टानं, जसा तिनं आयुष्यात कशाचाच केला नव्हता. पोट भरलेलं, खोली गार, अंगावर पांघरूण. टुक. तिनं बटण दाबलं. गाढव. साबण. आज सकाळपासूनचं सगळं डोक्यात रांगेनं उभं होतं आणि एकही माणूस रांग सोडेना, अध्यक्षाचे पसरलेले हात, म्हाताऱ्याचा आडवा तळहात, त्या दूरच्या मुलीनं आता ते उत्तर उघडलं असेल, तिला आणखी एक ओळ लिहायला हवी होती की घाबरू नकोस. टुक. दाबलं. खिडकी. सुई. टुक. दाबलं. बारा मिनिटांत बारा वेळा टुक वाजलं आणि बारा वेळा तिनं दाबलं, आणि शेवटी मशीन थांबलं तेव्हा त्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेत माइक खरखरला.

"मॅडम, आज झोप नाही लागली का?"

"नाही हो मामा. डोळ्याला डोळा नाही."

"मग हे फुकटच गेलं म्हणायचं?"

"फुकट कसं?" बोगद्याच्या छताकडे बघत ती म्हणाली. "माझा नंबर लिहा, तारीख लिहा, वेळ लिहा. आणि पुढे लिहा, जागी होती."